रोग ओळखणाऱ्या यंत्राची परीक्षा परक्या शिवारात व्हावी

पिकावर काही विपरीत दिसू लागले, की शेतकरी एखादे पान खुडून हाती घेतो आणि जाणत्या माणसाकडे जाऊन विचारतो, "हे काय पडले आहे?" पुढील सर्व उपचार या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतात. उत्तर बरोबर मिळाले तर थोड्या खर्चात पीक वाचते. ते चुकले तर औषधाचा पैसा जातो, फवारणीची मजुरी जाते आणि रोग आवरण्यासाठी जे मोजके दिवस हाती असतात तेही वाया जातात. आजवर हा प्रश्न गावातील अनुभवी शेतकऱ्याला, कृषी खात्याच्या कर्मचाऱ्याला, कृषी विद्यापीठातील तज्ज्ञाला आणि पुष्कळदा औषधविक्रेत्याला विचारला जात असे. अलीकडे तो मोबाईल फोनलाही विचारला जाऊ लागला आहे.

पानाचे छायाचित्र घ्यावे आणि क्षणार्धात रोगाचे नाव वाचावे, ही सोय निःसंशय स्वागतार्ह आहे. केंद्रीय कृषी मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय कीड निरीक्षण प्रणाली सुरू केली. छायाचित्रावरून कीड व रोग ओळखण्याची व्यवस्था तीत आहे. महाराष्ट्र राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापराविषयी २०२५ ते २०२९ या काळासाठी धोरण मंजूर केले. याखेरीज खाजगी ॲपही बरीच आहेत. अशा वेळी आपण सर्वांनी एक प्रश्न आग्रहाने विचारला पाहिजे, असे मला वाटते. तो असा : ज्या शेतात हे यंत्र शिकले नाही, त्या शेतात ते कितपत खरे ठरते? या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत हाती आल्यावाचून असे कोणतेही साधन शेतकऱ्यास शिफारस म्हणून देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे येथे मांडतो.

यंत्र शिकते कसे?

प्रथम या यंत्राचे शिक्षण कसे होते ते थोडक्यात पाहू. संगणकाच्या दृष्टीने छायाचित्र म्हणजे लक्षावधी चित्रबिंदूंचा तक्ता होय. प्रत्येक बिंदूचा रंग आकड्यांनी लिहिलेला असतो. पान म्हणजे काय, डाग म्हणजे काय, माती म्हणजे काय, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. त्याला हजारो छायाचित्रे दाखवितात आणि प्रत्येकासोबत तज्ज्ञाने लिहिलेले नाव देतात : हा करपा, ही भुरी, हे निरोगी पान. यंत्र प्रथम अंदाजाने नाव सांगते. ते चुकले की त्याच्या अंतर्गत गणितातील लक्षावधी गुणक किंचित बदलले जातात. असे पुनःपुन्हा केल्यावर चुका कमी होत जातात. या रीतीने तयार झालेल्या गणिती रचनेस इंग्रजी जाणणारे लोक मॉडेल म्हणतात. आपण येथे प्रतिमान म्हणू. ही विद्या २०१२ नंतर विशेष बलवान झाली आणि त्यानंतर काही वर्षांतच ती पिकांच्या रोगनिदानाकडे वळली.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नाव बरोबर यावे एवढीच अट यंत्रावर घातलेली असते. ते नाव कशावरून ओळखावे, हे त्याला कोणी बजावलेले नसते. डागाचा आकार पाहून ओळखले काय, अथवा मागील कागदाचा रंग पाहून ओळखले काय, त्याच्या लेखी दोन्ही सारखेच. जी खूण सर्वांत सोपी, ती ते धरते.

नव्याण्णव टक्क्यांचा धडा

आता एक प्रसिद्ध उदाहरण घेऊ. अमेरिकेत 'प्लांटव्हिलेज' नावाचा पानांच्या छायाचित्रांचा मोठा संग्रह करण्यात आला. त्यातील ५४,३०६ छायाचित्रांवर मोहंती, ह्यूजेस आणि सालाते या तीन संशोधकांनी २०१६ मध्ये प्रतिमाने शिकवली. पिके १४ होती, रोग २६ होते आणि पीक व रोग मिळून ओळखावयाचे वर्ग ३८ होते. संग्रहातील काही छायाचित्रे शिकविण्यापासून बाजूला राखून त्यांवर परीक्षा घेतली, तेव्हा सर्वांत चांगल्या प्रतिमानाने ९९.३५ टक्के उत्तरे बरोबर दिली. हा आकडा जगभर गाजला.

त्याच संशोधकांनी त्याच निबंधात आणखी एक आकडा प्रामाणिकपणे दिला होता. तो मात्र फारसा गाजला नाही. संग्रहाबाहेरची, निराळ्या परिस्थितीत घेतलेली छायाचित्रे त्याच जातीच्या प्रतिमानापुढे ठेवली, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण सुमारे ३१ टक्क्यांवर आले. डोळे मिटून ३८ वर्गांपैकी एकाचे नाव घेतले तर १०० पैकी दोनतीन उत्तरे बरोबर येतील. त्या मानाने ३१ टक्के म्हणजे काहीच नव्हे असे म्हणता येणार नाही. परंतु १०० पैकी ६९ वेळा चुकणाऱ्याच्या सल्ल्याने फवारणीचा पंप पाठीवर घ्यावा काय, याचा निर्णय कोणताही शेतकरी सहज करील.

एवढा फरक का पडावा? संग्रहातील पाने झाडावरून तोडून, करड्या किंवा काळ्या कागदावर एकेक ठेवून, चांगल्या उजेडात टिपलेली होती. एका रोगाची बहुतेक छायाचित्रे एका ठिकाणी, एका प्रकारच्या पार्श्वभूमीवर, एका उजेडात घेतली गेली असतील, तर कागदाची छटा आणि उजेडाचा रंग हीच रोगाची खूण बनून बसते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याचा पडताळा आला. त्यात याच संग्रहातील छायाचित्रांचे केवळ ८ चित्रबिंदू घेतले, आणि तेही पानावरचे नव्हेत तर मागील कागदावरचे. पान मुळीच न पाहता त्या ८ बिंदूंवरून रोगाचे नाव ४९ टक्के वेळा बरोबर आले. ज्या परीक्षेत पान न पाहता निम्मे गुण मिळतात, त्या परीक्षेतील गुणांना रोगनिदानाचे कौशल्य कसे म्हणावे?

यात संशोधकांचा निष्काळजीपणा होता असे कोणी समजू नये. एकाच पानाची दोन छायाचित्रे, एक शिकविण्यात व दुसरे परीक्षेत, अशी वाटली जाऊ नयेत याची काळजी त्यांनी घेतली होती. तरीही पाने निराळी असून कागद तोच, जागा तीच आणि उजेड तोच राहिला. शितावरून भाताची परीक्षा होते ही म्हण खरी आहे. पण ती त्याच भांड्यातल्या भाताची. शेजारच्या घरी चुलीवर असलेला भात शिजला की नाही, हे आपल्या भांड्यातले शीत दाबून कळत नाही.

हा दोष केवळ शेतीत आहे असेही नव्हे. २०१८ मध्ये अमेरिकेतील वन्यप्राण्यांच्या छायाचित्रांवर झालेल्या अभ्यासात असे दिसले, की ज्या जागी बसविलेल्या कॅमेऱ्यांच्या चित्रांवर प्रतिमान शिकले, त्या जागी ते प्राणी उत्तम ओळखते, पण नव्या जागच्या कॅमेऱ्यात तेच प्राणी आले की पुष्कळ अधिक चुकते. गवतावर उभी असलेली गाय ओळखणारे यंत्र समुद्रकिनाऱ्यावरील गाय पाहून गोंधळते, हे त्या अभ्यासातील उदाहरण बोलके आहे. त्याच वर्षी छातीच्या क्ष-किरण चित्रांविषयीही असाच अनुभव प्रसिद्ध झाला. न्यूमोनिया ओळखावयास शिकविलेले प्रतिमान, चित्र कोणत्या रुग्णालयातून आले हे ओळखू शकत होते, आणि कोणत्या रुग्णालयात रोगी अधिक असतात या ज्ञानाचा लाभ घेत होते. गाय असो, फुप्फुस असो वा सोयाबीनचे पान असो, सोपी खूण सापडली की यंत्र अवघड खूण शोधण्याचा खटाटोप करीत नाही.

आपल्या शिवारातील परकेपणा

आता आपल्या शेताकडे येऊ. आपल्या शेतातील पान करड्या कागदावर ठेवलेले नसते. त्याच्यामागे कोठे काळी भेगाळलेली जमीन असते, कोठे मुरमाड तांबूस माती असते, कोठे तण, कोठे ठिबकची नळी, कोठे शेजारच्या तुरीची पाने. सकाळी दव असते आणि दुपारी ऊन इतके कडक असते, की पानाचा निम्मा भाग पांढरा दिसतो. पावसाळ्यात चिखलाचे शिंतोडे डागासारखे भासतात. फोन स्वस्त असतो आणि त्याच्या काचेवर धूळ व घाम असतो. एकाच पानावर दोन रोग व एक कीड नांदत असणे ही तर नित्याची बाब आहे. वाणागणिक पानाची ठेवण बदलते, आणि पिकाच्या वयागणिक रोगाचे रूप बदलते.

त्यातून, जे सारखे दिसते ते सारखे असतेच असे नाही. सोयाबीनची पाने पिवळी पडली, की पिवळा मोझॅक असेल अशी शंका येते. २०२३ च्या खरिपात विदर्भात या रोगाने केलेली हानी सर्वांच्या स्मरणात आहे. पण चुनखडीयुक्त जमिनीत लोह पिकास लागू पडत नाही, तेव्हाही कोवळी पाने पिवळी पडतात. त्या वेळी शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा होतो, तर मोझॅकमध्ये हिरवे व पिवळे चट्टे अनियमितपणे मिसळलेले दिसतात. पहिल्या रोगात रोगट झाडे उपटून नष्ट करावयाची आणि पांढऱ्या माशीचा बंदोबस्त करावयाचा; दुसऱ्यात साचलेल्या पाण्याचा निचरा करून लोहाची फवारणी द्यावयाची. कपाशीचे पान लाल झाले, तर ते तुडतुड्यांनी रस शोषल्यामुळे की मॅग्नेशियमच्या कमतरतेमुळे, हाही असाच प्रश्न आहे. पानाची कडा, शिरा आणि मागील बाजू पाहिल्यावाचून त्याचा उलगडा होत नाही.

एका दुपारी एका शेतकऱ्याच्या बांधावर मी स्वतः एक साधा प्रयोग करून पाहिला. सोयाबीनच्या एकाच पिवळ्या पानाची तीन छायाचित्रे घेतली : एक झाडावर असताना, दुसरे तळहातावर ठेवून आणि तिसरे वहीच्या पांढऱ्या कागदावर ठेवून. फोनमधील ॲपने तिन्ही वेळा निरनिराळी नावे सांगितली, आणि तिन्ही वेळा सारख्याच खात्रीने सांगितली. पान लोहाच्या कमतरतेचे होते. ते नाव त्या ॲपच्या यादीतच नव्हते. शेतमालकाने मला विचारले, "साहेब, यातले कोणते खरे धरू?" एका बांधावरील तीन छायाचित्रांवरून कोणत्याही ॲपवर ठपका ठेवणे न्याय्य होणार नाही. परंतु त्या शेतकऱ्याचा प्रश्न मात्र पूर्णपणे न्याय्य होता, आणि हा लेख त्याच प्रश्नापोटी लिहीत आहे.

'माहीत नाही' असे म्हणण्याचे शहाणपण

या अनुभवात दोन निरनिराळे दोष आहेत. ते वेगवेगळे समजून घेतले पाहिजेत. पहिला दोष परक्या परिस्थितीचा : रोग ओळखीचा, पण माती, उजेड किंवा फोन अनोळखी. दुसरा परक्या वस्तूचा : जे समोर आहे त्याचे नावच शिकविलेले नाही. दुसऱ्या प्रसंगी बहुतेक प्रतिमानांची मोठी अडचण होते. त्यांची रचनाच अशी असते, की शंभर टक्के विश्वास त्यांना शिकलेल्या नावांतच वाटून द्यावा लागतो. त्यांच्यापुढे चपलेचे छायाचित्र ठेवले, तरी ती कोणत्या तरी रोगाचेच नाव घेतील, आणि कदाचित मोठ्या खात्रीने घेतील. यासाठी यंत्राने दाखविलेली 'खात्री' ही खऱ्या खात्रीची मोजणी आहे असे समजू नये.

अनोळखी छायाचित्र आले असता 'मला ओळखता येत नाही, तज्ज्ञास दाखवा' असे उत्तर देण्याची सोय यंत्रात बसविता येते. तसे केल्याने उत्तरांची संख्या थोडी घटते, पण दिलेल्या उत्तरांचा भरवसा वाढतो. अनुभवी वैद्य कधीकधी निदान राखून ठेवतो आणि त्यामुळे त्याची प्रतिष्ठा कमी होत नाही. यंत्राच्या बाबतीतही हाच न्याय लावावा.

बियाण्याची रीत येथे लावावी

परक्या परिस्थितीत टिकणारे यंत्र कसे तयार करावे, हा आज जगभरच्या संशोधनाचा विषय आहे. तथापि त्यातील मूलभूत तत्त्व कृषी खात्यास नवे नाही. संशोधन केंद्राच्या वाफ्यावर एखाद्या नव्या वाणाने भरघोस उत्पन्न दिले, म्हणून त्याची शिफारस आपण राज्यभर करतो काय? तसे आपण करीत नाही. त्याच्या चाचण्या अनेक ठिकाणी आणि एकाहून अधिक हंगामांत होतात. पुढे तो शेतकऱ्यांच्या शेतावर तपासला जातो, आणि त्यानंतर अमुक विभागासाठी अशी मर्यादा घालूनच त्याची शिफारस केली जाते. भारतात अशा समन्वित चाचण्यांची सुरुवात १९५७ मध्ये मक्याच्या प्रकल्पापासून झाली. महाराष्ट्रातील हवा, पाऊस व जमीन पाहून राज्याचे ९ कृषी हवामान विभाग पाडलेले आहेत. कोकणातील जास्त पावसाच्या पट्ट्यात जे चालते ते सोलापूरच्या अवर्षणप्रवण भागात चालेलच असे नाही, हे आपण बियाण्याबाबत जाणतो. तेच यंत्राबाबत का विसरावे?

याचा व्यवहारातील अर्थ असा. छायाचित्रांचा ढीग करून, तो चांगला कालवून, त्यातील काही शिकविण्यास व काही परीक्षेस घ्यावीत, ही नेहमीची रीत पुरेशी नाही. त्याऐवजी काही तालुके संपूर्ण बाजूला ठेवावेत आणि तेथील एकही छायाचित्र शिकविताना वापरू नये. एक हंगाम बाजूला ठेवावा, आणि काही जातींचे फोनही बाजूला ठेवावेत. मग परीक्षा केवळ त्या राखलेल्या तालुक्यांच्या, त्या हंगामाच्या आणि त्या फोनांच्या छायाचित्रांवर घ्यावी. असे केल्याने गुण कमी पडतील. पण शेतकऱ्याच्या पदरात खरोखर काय पडणार आहे, ते त्या कमी गुणांतच दिसेल.

गव्हाच्या संशोधनात याचा चांगला पायंडा पडला आहे. शेतातील छायाचित्रांवरून ओंब्या मोजणारी यंत्रे तयार करण्यासाठी अनेक देशांतील संस्थांनी मिळून एक संग्रह केला. २०२० मध्ये त्यावर भरविलेल्या स्पर्धेत शिकविण्यास युरोप व उत्तर अमेरिकेतील छायाचित्रे दिली आणि परीक्षा आशिया व ऑस्ट्रेलियातील छायाचित्रांवर घेतली. २०२१ पर्यंत तो संग्रह १२ देशांतील सुमारे ६,५०० छायाचित्रे आणि २,७५,००० ओंब्यांपर्यंत वाढला. शिकावे एका खंडात आणि परीक्षा द्यावी दुसऱ्या खंडात, इतकी कडक कसोटी गव्हास लावता येते. तर आपल्या सोयाबीनला, कपाशीला व डाळिंबाला निदान जिल्ह्याजिल्ह्यांची कसोटी लावण्यास काय हरकत आहे?

उपाय कोणते?

शिकविण्याच्या पद्धतीतही सुधारणा करता येते. छायाचित्रे फिरवून, उजेड कमीजास्त करून, रंगछटा बदलून, पान कापून निराळ्या पार्श्वभूमीवर बसवून ती यंत्रास दाखविली, म्हणजे कागदाचा रंग ही खूण निरुपयोगी ठरते आणि यंत्रास पानाकडेच पाहावे लागते. प्रथम सर्वसाधारण वस्तूंच्या प्रचंड संग्रहावर शिकवून मग रोगांकडे वळविल्यासही लाभ होतो. याशिवाय परक्या परिस्थितीसाठी खास रचलेल्या अनेक चतुर गणिती पद्धती आहेत. परंतु २०२० मध्ये दोन संशोधकांनी अशा पद्धतींची एकाच मापाने तुलना केली. तेव्हा साधीच पद्धत काळजीपूर्वक वापरली असता बहुतेक खास पद्धती तिच्यापुढे फारशा सरस ठरत नाहीत, असे त्यांना आढळले. याचा बोध असा, की गणिताच्या कौशल्याने छायाचित्रांची उणीव भरून निघत नाही. शेवटी भिस्त निरनिराळ्या शेतांतून जमविलेल्या खऱ्या छायाचित्रांवरच राहते.

हे काम भारतात सुरू झालेले आहे. गांधीनगरच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेतील संशोधकांनी २०१९ मध्ये 'प्लांटडॉक' नावाचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यात १३ वनस्पतींची, प्रत्यक्ष परिस्थितीत टिपलेली २,५९८ छायाचित्रे आहेत. तथापि आपल्या जमिनी, आपले वाण आणि आपले हंगाम यांचे प्रतिबिंब पडेल असा विपुल संग्रह प्रयोगशाळेत बसून होणारा नाही. तो गावोगावच्या कर्मचाऱ्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या हातूनच होणार.

एक रास्त आक्षेप

यावर कोणी म्हणेल, "कसोट्यांच्या नादात यंत्र अडवून ठेवाल, तर तोवर शेतकऱ्याने काय करावे? तज्ज्ञ थोडे, गावे फार. काहीच नसण्यापेक्षा सदोष यंत्र बरे नव्हे काय?" हा आक्षेप मी हलका मानीत नाही. उलट त्यास बळ देणारा एक पुरावा मीच पुढे करतो.

आफ्रिकेत कसावा, म्हणजे ज्या जातीच्या कंदापासून आपल्याकडे साबुदाणा होतो ते पीक, कोट्यवधी लोकांचे अन्न आहे. त्याच्या रोगांसाठी 'नुरू' नावाचे ॲप तयार करण्यात आले. ते प्रत्यक्ष शेतातील छायाचित्रांवर शिकविलेले होते. तरीही २०१९ मध्ये टांझानियातील शेतात चाचणी घेतली, तेव्हा ठळक लक्षणांच्या बाबतीतही त्याच्या गुणांकात ३२ टक्के घट आढळली. कर्त्यांनी ती घट लपविली नाही; दोष प्रसिद्ध करून सुधारणेचे काम चालू ठेवले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढील तुलनेत त्या ॲपची ६५ टक्के उत्तरे बरोबर आली. त्याच परीक्षेत कृषी विस्तार कर्मचाऱ्यांची ४० ते ५८ टक्के आणि शेतकऱ्यांची १८ ते ३१ टक्के उत्तरे बरोबर होती. एका झाडाच्या एका पानाऐवजी सहा पाने तपासली, तेव्हा ॲपचे प्रमाण ७४ ते ८८ टक्क्यांपर्यंत चढले.

हे आकडे वाचून माझ्यासारख्या विस्तार कार्यकर्त्याने मान खाली घालावी, अशी स्थिती आहे. आमच्याही चुका होतात आणि त्या मोजल्या जात नाहीत, हे कबूल केले पाहिजे. म्हणून यंत्र नको असे माझे म्हणणे मुळीच नाही. परंतु नुरूचा भरवसा वाटतो तो ९९ टक्क्यांच्या जाहिरातीमुळे नव्हे. त्याला शेतात नेऊन, चूक मोजून, ती जाहीर करून, पुन्हा सुधारले, म्हणून तो वाटतो. ६५ टक्के खरे आहेत हे ठाऊक असले, तर सहा पाने पाहण्याची युक्ती सुचते. ९९ टक्के आहेत अशा समजुतीत राहिल्यास एका पानावर फवारणी होते. सदोष यंत्रही उपयोगी पडते. अट एवढीच, की त्याचा दोष वापरणाऱ्यास ठाऊक असावा.

काय करावे?

प्रत्येकाने आपापल्या परीने करावयाच्या गोष्टी मी पुढीलप्रमाणे सुचवितो.

ज्या संस्था अशी साधने तयार करतात किंवा विकत घेतात, त्यांनी चार गोष्टी आवश्यक मानाव्यात. न शिकविलेल्या तालुक्यांतील व हंगामातील परीक्षेचा आकडा पीकवार आणि विभागवार जाहीर करावा. कोणते रोग शिकविले आहेत, त्यांची यादी ॲपच्या पहिल्याच पानावर मराठीत द्यावी. 'ओळखता येत नाही' हे उत्तर देण्याची व्यवस्था ठेवावी. आणि अन्नद्रव्यांची कमतरता, तणनाशकाची इजा, उन्हाचा चटका व निरोगी पाने यांचाही समावेश शिकविण्यात करावा. कारण शेतात पिवळे पडणारे प्रत्येक पान रोगाचेच असते असे नाही.

आम्हा कर्मचाऱ्यांनी केवळ देखणी, ठळक लक्षणांची छायाचित्रे पाठविण्याची सवय सोडावी. अंधुक प्रकाशातील, सुरुवातीच्या अवस्थेतील, दोन रोग एकत्र असलेली छायाचित्रे अधिक मोलाची असतात. प्रत्येकासोबत गाव, वाण, पेरणीपासूनचे दिवस, जमिनीचा प्रकार आणि झालेल्या फवारण्या यांची नोंद करावी. नाव लिहिताना शंका असेल, तर तज्ज्ञाकडून खात्री करून घ्यावी. शिकविणाराच चुकला, तर शिकणाऱ्यास बोल लावण्यात अर्थ नाही.

शेतकरी बंधुभगिनींनी एका छायाचित्रावर विसंबून औषध आणू नये. शेताच्या निरनिराळ्या भागांतील पाचसहा पानांची, दोन्ही बाजूंनी, सावलीत पण भरपूर उजेडात, फोनची काच पुसून छायाचित्रे घ्यावीत. उत्तरे एकमेकांशी जुळली तर ती तात्पुरती ग्राह्य धरावीत. न जुळल्यास पान व मूळ घेऊन कृषी कार्यालय किंवा कृषी विज्ञान केंद्र गाठावे. यंत्राचे उत्तर चुकल्याचे पुढे कळले, तर तेही आवर्जून कळवावे. ती तक्रार म्हणजे पुढील हंगामातील शेजाऱ्यास केलेली मदत होय.

नवे बियाणे आले तेव्हा आपल्या शेतकऱ्याने त्याला आंधळेपणाने नाकारले नाही, की सारे शेत त्यावर उधळले नाही. त्याने बांधालगत चार ओळी पेरल्या, हंगामभर पाहिल्या आणि मग ठरविले. फोनमधील या नव्या सल्लागारालाही आपण अशाच चार ओळी द्याव्यात, आणि त्या चार ओळींत त्याचे काय झाले ते उघडपणे लिहून ठेवावे. ज्या बांधावर ते यंत्र कधी गेलेले नाही, तेथे त्याचा निकाल काय लागला, हे आधी विचारावे; फवारणीचा पंप त्यानंतर उचलावा.